व्हायरसचं नाव सगळ्यांना पाठ झालं, लसीचा तिसरा डोस कुणाला आठवतो?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण घरात पाच वर्षांखालचं लेकरू असेल, नातू-नात असेल, तर पाच-सात मिनिटं काढा.

जानेवारी २०२५ आठवतो का? ६ तारखेला बंगळुरूत दोन बाळांना एचएमपीव्ही निघाल्याची बातमी आली आणि लगेच दुसऱ्या दिवशी नागपूरचं नाव टीव्हीच्या पट्टीवर झळकलं. सात वर्षांचा एक मुलगा आणि एक किशोरवयीन मुलगी. खासगी लॅबचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. नमुने पडताळणीसाठी इथल्या एम्सकडे आणि पुण्याच्या एनआयव्हीकडे. दोघांनाही भरती करावं लागलं नव्हतं. पण तोवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर लॉकडाऊन लागून मोकळा झाला होता. "शाळा बंद होणार का हो?" असे फोन मला तीन दिवस येत होते.

गंमत अशी की हा व्हायरस नवा नव्हताच. २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये तो ओळखला गेला. २००४ मध्ये एनआयव्ही आणि पुण्याच्या बी. जे. मेडिकलच्या लोकांनी भारतातल्या मुलांमध्ये तो सापडल्याचं छापून जाहीर केलं होतं. म्हणजे वीसेक वर्षं हा पाहुणा आपल्याकडे येतो-जातो आहे. दरवर्षी थंडीत कितीतरी पोरांना होतो, चार दिवस नाक गळतं, खोकला येतो आणि जातो. आपण त्याला 'सर्दी' म्हणतो.

पण त्या बंगळुरूच्या बातमीत एक शब्द होता, तो सगळ्यांच्या नजरेतून निसटला. त्या दोन्ही बाळांच्या नोंदीत ब्रॉन्कोन्यूमोनिया लिहिलेला होता. माझा आजचा विषय तो शब्द आहे, व्हायरसचं नाव नाही.

एकाच गल्लीत, एकाच अंगणवाडीत, तोच व्हायरस दहा पोरांना होतो. नऊ जण शेंबूड पुसत खेळत राहतात, एकाचं पोट उडायला लागतं आणि त्याला घेऊन आईबाप रात्री दोन वाजता मेयोत किंवा मेडिकलमध्ये धावतात. असं काहून होतं? कारणं बरीच आहेत. वय, जन्माच्या वेळचं वजन, दिवस भरण्याआधी झालेला जन्म, हृदयाला छिद्र, कुपोषण, घरातला धूर. ही आपल्याला ऐकून माहीत आहेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या संशोधनात आणखी एक कारण पुढे आलंय, त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. व्हायरस आला तेव्हा त्या लेकराच्या नाकाघशात आधीपासून कोण राहत होतं, हे ते कारण.

नाक-घसा रिकामा नसतो, मंडळी. जुन्या महालातल्या वाड्यासारखा असतो, प्रत्येक खोलीत भाडेकरू. बाळ जन्मल्यापासून काही दिवसांतच जिवाणू तिथे बिऱ्हाड थाटतात. त्यातले काही सालस. कोरिनेबॅक्टेरियम आणि डोलोसिग्रॅन्युलम ही त्यांची नावं. नावं विसरा, काम लक्षात ठेवा. ज्या बाळांच्या नाकात यांची वस्ती चांगली असते त्यांना श्वसनाचे आजार कमी होताना दिसतात, आणि आईच्या दुधावर असलेल्या बाळांमध्ये ही वस्ती जास्त आढळते. दुसरे भाडेकरू बेभरवशाचे. न्यूमोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हे त्यातले मुख्य. एरवी हेही गुमान राहतात. तामिळनाडूतल्या तान्ह्या बाळांच्या एका अभ्यासात दोन महिन्यांच्या वयातच निम्म्याहून जास्त बाळांच्या नाकात न्यूमोकोकस सापडला होता. ती बाळं आजारी नव्हती. नाकात जिवाणू असणं म्हणजे आजार नव्हे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे रिपोर्टच्या गोष्टीत कामाला येईल.

आता व्हायरस येतो. श्वासनलिकेच्या आतून बारीक केसांसारखी लव असते, ती कचरा आणि कफ सतत वर ढकलत असते. व्हायरस आधी ती झाडूवाली यंत्रणा बंद पाडतो. पेशींचं अस्तर सोलवटतं. फ्लूचा व्हायरस तर पेशींवरची एक प्रकारची साखर कापून मोकळी करतो, आणि ती साखर न्यूमोकोकसचं खाद्य आहे. म्हणजे घराचं दार मोडलं, झाडणारा पळाला आणि वर चोराला जेवणही वाढलं. नाकातला जिवाणू खाली छातीत उतरतो आणि न्यूमोनिया होतो.

उलट दिशेनेही हे चालतं. काही जिवाणूंमुळे पेशींवर व्हायरसला पकडायला जास्त खुंट्या तयार होतात. हिमोफिलस आणि साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस यांच्या बाबतीत हे प्रयोगशाळेत दिसलंय. नेदरलँड्समध्ये आरएसव्ही झालेल्या लहान मुलांची तपासणी झाली, तर ज्यांच्या नाकात हिमोफिलस किंवा स्ट्रेप्टोकोकसचं (न्यूमोकोकस याच घराण्यातला) प्राबल्य होतं त्यांच्यात दवाखान्यात भरती झालेली मुलं जास्त निघाली. व्हायरस एकच, पण भाडेकरू वेगळे.

हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हे नावच बघा ना. हा जिवाणू आहे आणि नाव फ्लूचं. १८९२ मध्ये फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या रोग्यांमध्ये तो सापडला आणि हाच फ्लू करतो असं त्याने ठरवून टाकलं. पुढे खरा फ्लूचा विषाणू सापडला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पण फायफर अगदीच हवेत बोलत नव्हता. १९१८ च्या साथीत, जी मुंबई बंदरातून आत शिरली आणि देशभर कोट्यवधी माणसं घेऊन गेली, त्या साथीतल्या मृतांच्या फुप्फुसाचे जपून ठेवलेले नमुने अमेरिकी शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये पुन्हा तपासले. बहुतेकांचा जीव फ्लूनंतरच्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने घेतला होता, असा त्यांचा निष्कर्ष. दार फ्लूने मोडलं, जीव जिवाणूंनी घेतला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण याचा पुरावा काय? दोन पुरावे सांगतो, दोन्ही मला जबरदस्त वाटतात.

पहिला कोरोनाचा. इस्रायलमध्ये न्यूमोकोकसवर वर्षानुवर्षं बारीक लक्ष ठेवणारे डॉक्टर आहेत. २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा त्यांना दिसलं की लहान मुलांतला न्यूमोकोकसचा गंभीर आजार एकदम खाली आला. वाटलं, जिवाणूच कमी पसरत असेल. पण पोरांच्या नाकातून नमुने घेतले तर न्यूमोकोकस जवळपास पूर्वीइतकाच. मग कमी काय झालं होतं? आरएसव्ही, फ्लू आणि आपला हा एचएमपीव्ही. म्हणजे भाडेकरू घरातच होता, दार मोडणारा कुणी आला नाही म्हणून तो शांत बसला.

दुसरा पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोचा, आणि आपल्या कामाचा खरा हा आहे. तिथे सुमारे ४० हजार बाळांवर न्यूमोकोकसच्या लसीची चाचणी झाली. अर्ध्यांना लस, अर्ध्यांना नुसतं औषध नसलेलं इंजेक्शन. ही लस जिवाणूविरुद्धची, व्हायरसशी तिचा काही संबंध नाही. तरी २००४ मध्ये निकाल आला तेव्हा कळलं की सगळे डोस घेतलेल्या, एचआयव्ही नसलेल्या मुलांमध्ये व्हायरस सापडलेल्या न्यूमोनियाची भरती ३१ टक्क्यांनी कमी झाली होती. दोन वर्षांनी त्याच चाचणीतला एचएमपीव्हीचा हिशेब आला. एचएमपीव्हीमुळे छातीच्या आजारासाठी होणारी भरती लस घेतलेल्या मुलांत ४६ टक्क्यांनी कमी.

परत वाचा. ज्या व्हायरसच्या नावाने जानेवारीत शहर हादरलं होतं, त्याच्यावर लस नाही असं प्रत्येक चॅनल ओरडून सांगत होतं. ते खरंही होतं. पण त्या व्हायरसने पोर दवाखान्यात पोहोचू नये म्हणून बऱ्यापैकी काम करणारी एक लस आपल्या महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळत होती, आजही मिळते. एकाही चॅनलने त्या तीन-चार दिवसांत तिचं नाव घेतलेलं मी तरी ऐकलं नाही.

ती लस म्हणजे पीसीव्ही. सरकारी कार्यक्रमात ती आधी २०१७ मध्ये हिमाचल, बिहार, उत्तर प्रदेशात आली. महाराष्ट्रात यायला जुलै २०२१ उजाडला. तोवर ज्याच्या खिशात पैसे तो खासगीत प्रत्येक डोसला काही हजार मोजायचा, बाकीच्यांची पोरं देवाच्या भरवशावर. पुण्याच्या सीरमने देशी लस तयार केली, भाव खाली आला, मग दारं उघडली. वेळापत्रक सोपं आहे. दीड महिन्याला पहिला डोस, साडेतीन महिन्यांना दुसरा, नऊ महिन्यांना गोवर-रुबेलासोबत तिसरा म्हणजे बूस्टर. घोळ होतो तो या तिसऱ्यात. साडेतीन महिन्यांपर्यंत आई माहेरी असते, आशाताई मागे लागलेली असते. नंतर सासरी येणं, भाड्याची खोली बदलणं, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाणं, आणि कार्डावरचा नऊ महिन्यांचा रकाना कोरा राहतो. आज घरी गेल्यावर लेकराचं कार्ड काढा आणि तो रकाना बघा. वर्षाच्या आत एक तरी डोस झाला असेल तर राहिलेले नंतर पूर्ण करता येतात, केंद्रावर जाऊन विचारा.

लस म्हणजे चिलखत नाही, हेही सांगितलं पाहिजे. न्यूमोकोकसचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत, सीरमची लस त्यातल्या दहांवर. काही ठिकाणी लसीतले प्रकार कमी झाल्यावर दुसऱ्या प्रकारांनी जागा घेतली. व्हायरस एकट्यानेही न्यूमोनिया करतो. आशिया-आफ्रिकेतल्या सात देशांत झालेल्या पर्च नावाच्या मोठ्या अभ्यासात, जो २०१९ मध्ये छापून आला, भरती झालेल्या मुलांच्या न्यूमोनियाची सुमारे ६१ टक्के कारणं व्हायरस निघाली, २७ टक्के जिवाणू. एकट्या आरएसव्हीचा वाटा ३१ टक्के. त्यामुळे "लस घेतली, आता काही होत नाही" असं कुणी म्हणू नये.

आता दुसरी बाजू, जिथे माझं आणि बऱ्याच वाचकांचं पटणार नाही.

वरचं सगळं वाचून काहींच्या मनात आलं असेल, जिवाणूच मारायचे तर सर्दी झाली की अँटिबायोटिक देऊन टाकू, छातीत उतरायच्या आधीच. आपल्या शहरात हेच चाललंय. शेंबूड हिरवा झाला की "इन्फेक्शन झालं" म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून बाटली आणायची. चिठ्ठी विचारतो कोण? मागच्या वेळची अर्धी बाटली फ्रिजमध्ये असते, तीच सुरू. शेंबूड हिरवा होतो तो शरीराच्या पांढऱ्या पेशींमुळे, साध्या व्हायरसच्या सर्दीतही होतो. आणि त्या बाटलीने वाड्यातला फक्त गुंड मरत नाही. सालस भाडेकरू आधी जातात. खोल्या रिकाम्या होतात, आणि रिकाम्या खोलीत कोण घुसतं हे महालातल्या कोणत्याही घरमालकाला विचारा. शिवाय जो उरतो तो औषधाला दाद न देणारा.

यात हल्ली महागड्या तपासणीची भर पडलीय. नाकातून काडी घालून वीस-पंचवीस जंतूंची एकदम तपासणी. हजारो रुपये. रिपोर्टमध्ये एक व्हायरस पॉझिटिव्ह, खाली न्यूमोकोकस पॉझिटिव्ह, हिमोफिलस पॉझिटिव्ह. आईबापांच्या पायाखालची जमीन सरकते. "डॉक्टर, तीन-तीन इन्फेक्शन?" अहो, ते दोन तर तुमच्या शेजारच्या धडधाकट पोराच्या नाकातही निघतील. नाकातली काडी छातीतली गोष्ट सांगत नाही. आयसीयूतल्या मुलासाठी या तपासणीचा उपयोग आहे, असेलच. पण खेळणाऱ्या, जेवणाऱ्या, साधा ताप असलेल्या पोराला ती कशाला? चांगले बालरोगतज्ज्ञ हे पालकांना समजावून सांगतात, आणि त्यांच्याकडे गर्दी कमी असते. हे आपलं दुर्दैव.

मग अँटिबायोटिक कधी द्यायचं? याचं उत्तर परदेशात शोधायची गरज नाही, आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथल्या गावांमध्ये न्यूमोनियावर काम केलं. ना एक्स-रे, ना लॅब. गावातले आरोग्यदूत आणि दाया यांना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. श्वास वेगात असेल, लक्षणं जुळली, तर साधं स्वस्त अँटिबायोटिक. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के, आणि जिथे हे काम नव्हतं त्या गावांत १३.५ टक्के. लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांसाठी बंगांनी मणी सरकवून श्वास मोजायचं साधन तयार केलं होतं. त्या दायांना व्हायरस कोणता आणि जिवाणू कोणता हे ठाऊक नव्हतं. पण औषध कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे त्यांना आजच्या आपल्या मेडिकल दुकानांपेक्षा चांगलं कळत होतं.

ती मोजणी तुम्हालाही येते. लेकरू शांत असताना, झोपलेलं असलं तर उत्तम, मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगात आहे, त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध ओढत नसेल, सुस्त पडलं असेल, ओठ निळसर असतील, तर एक मिनिटही घरी थांबू नका. पोट उडतंय म्हणून पोटावर लेप, बिब्बा, डाग असलं काही करू नका. मेळघाटातला 'डम्मा' ऐकून आपण शहरात नाकं मुरडतो, पण बाळाच्या छातीला उकळतं काहीतरी चोळणारी घरं नागपुरातही आहेत.

आणि 'काहीतरी द्याच' या हट्टाची किंमत आपण गेल्याच वर्षी बघितली. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५. परासियाची, छिंदवाड्याची पोरं नागपूरच्या दवाखान्यांत आणली जात होती, एकामागून एक, किडनी बंद पडलेली. सुरुवात कशाने? साध्या सर्दी-तापाने. दिलं काय? कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं सिरप. तामिळनाडूच्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकोल निघालं, म्हणजे जवळपास अर्धी बाटली विष. वीसहून जास्त लेकरं गेली. तो गुन्हा भेसळीचा आणि तपासणी यंत्रणेचा आहे, आईबापांचा अजिबात नाही. पण जे सिरप त्या वयात मुळात लागतच नाही, ते घराघरांत पोहोचलं कसं, हा प्रश्न उरतोच. केंद्राने त्यानंतर पुन्हा सांगितलं, दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नका, पाच वर्षांखाली सहसा नको. हे आधीच सांगता आलं असतं.

घरातल्या धुराचंही बोललं पाहिजे, आजीबाईंची माफी मागून. मालिश झाल्यावर बाळाला ओवा-शेपा-ऊद घालून धुरी द्यायची आपली पद्धत. प्रेमाने देतात, मान्य. पण ज्या लवेचं मी वर बोललो ती धुराने मंदावते. बंद खोलीत शेगडी, डासांची कॉइल, बापाची सिगारेट, त्यात बाहेर सिमेंट रस्त्यांची धूळ आणि कोराडी-खापरखेड्याची राख. बाहेरचं आपल्या हातात नाही, खोलीतलं आहे. शेक द्या, मालिश करा, धूर नको. आणि सहा महिने फक्त आईचं दूध, वरून गुटी-मध काही नाही.

आता मुद्द्याचं. दरवर्षी १२ नोव्हेंबरला न्यूमोनिया दिन येतो, 'सांस' मोहिमेचा बॅनर लागतो, फोटो येतात. मला फोटो नको, एक तक्ता हवा. लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आसीनगर, मंगळवारी, या दहा झोनमध्ये वर्षाची झालेली किती मुलं आहेत आणि त्यातल्या किती जणांना पीसीव्हीचा तिसरा डोस मिळाला? महापालिकेच्या आरोग्य विभागाने हा तक्ता दर तीन महिन्यांनी जाहीर करावा. एचएमपीव्हीच्या वेळी रोजचा आकडा देता येत होता, मग हाही देता येईल. माझा अंदाज आहे की झोनाझोनांत मोठा फरक निघेल, आणि जिथे तो निघेल तिथेच हिवाळ्यात मेयो-मेडिकलच्या बालरोग वॉर्डात एका खाटेवर दोन मुलं कुठून येतात ते कळेल. निवडून आलेल्यांनी, निवडून यायचं असलेल्यांनी, हा प्रश्न विचारावा. गटार-रस्त्याएवढाच हा वॉर्डाचा प्रश्न आहे.

तुमच्याकडून एक हवंय. कुठल्या नागरी आरोग्य केंद्रावर किंवा अंगणवाडीतल्या लसीकरणाच्या दिवशी "पीसीव्ही संपली, पुढच्या वेळी या" असं सांगून परत पाठवलं असेल, तर खाली केंद्राचं नाव आणि तारीख लिहा. लेकराचं नाव, फोन नंबर, कार्डाचा फोटो टाकू नका. यादी जमली की ती घेऊन मी आरोग्य विभागात जाणार आहे, काय उत्तर मिळतं ते इथेच लिहीन.